वाचकांचे प्रश्न : एका लॅपटॉपपासून गच्चीपर्यंत, लिनक्सवरचे वायरलेस मेश

मेश नेटवर्कमध्ये प्रत्येक रेडिओ शेजाऱ्याचा निरोप पुढे पोहोचवतो. सगळ्यांचा मिळून एक मुख्य राउटर त्यात नसतो. या विषयावर नागपूर आणि आसपासच्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. बहुतेकांची गाडी एकाच जागी अडली आहे: मेश जुळते, पण ते खरोखर तपासले जात नाही. सगळे नोड, म्हणजे मेशमधली उपकरणे, एकमेकांना थेट ऐकत असतील, तर निरोप पुढे पोहोचवायची वेळच येत नाही. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत कोणी कोणाला ऐकू नये हे ठरवण्याचीच खटपट आहे.

कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांत टाइप कराव्यात. त्या सगळ्या रूटच्या अधिकाराने, म्हणजे आधी सुडो लावून चालवायच्या आहेत.

प्रश्न : मी हिंगणा रोडवरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पात चार नोडचे मेश दाखवायचे आहे. हाताशी उबुंटू असलेला एकच लॅपटॉप आहे. कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, नकली रेडिओ देणारे मॉड्यूल चढवून चार वायफाय इंटरफेस मिळवले, चौघांना आयपी पत्ते दिले. पिंग 0.04 मिलिसेकंदांत परत येते. सर म्हणतात, हे मेश नाहीच. मग हे आहे तरी काय?

सरांचे बरोबर आहे. चारही पत्ते एकाच मशीनवर आहेत, त्यामुळे कर्नलच्या लेखी ते सगळे घरातलेच. एका पत्त्यावरून दुसऱ्याला पाठवलेले पॅकेट रेडिओपर्यंत जातच नाही. ते लूपबॅकवरून, म्हणजे एलओ इंटरफेसवरून, आतल्या आत वळते. खात्री करून घ्या. मॉड्यूल चढवल्यावर एचडब्ल्यूसिम0 नावाचा एक जादा इंटरफेस तयार होतो आणि नकली हवेतली प्रत्येक फ्रेम, म्हणजे रेडिओवरचे पॅकेट, त्यावर दिसते. तो अप करून त्यावर टीसीपीडंप ही पॅकेटची ये-जा दाखवणारी कमांड लावा आणि पिंग चालू करा. पिंगची एकही डेटा फ्रेम दिसणार नाही.

उपाय नेटवर्क नेमस्पेसचा आहे. प्रत्येक नोडला वेगळे नेमस्पेस दिले की त्याचे राउटिंग टेबल, पत्ते आणि एलओ सगळे वेगळे होते. चार आभासी मशीन उभ्या करायची गरज नाही. नेमस्पेसला जवळजवळ काहीच मेमरी लागत नाही, 4 जीबीच्या लॅपटॉपवरही दहा-बारा नोड सहज चालतात. वेगवेगळ्या नोडवर वेगवेगळे कर्नल तपासायचे असतील, तेव्हाच आभासी मशीनचा खटाटोप करावा.

मॉड्यूल चढवा:

मॉडप्रोब मॅक80211_एचडब्ल्यूसिम रेडिओज=4

आकडा दिला नाही तर दोनच रेडिओ मिळतात. आता आयडब्ल्यू डेव ही कमांड चालवून कोणत्या फायवर (म्हणजे रेडिओवर) कोणता डब्ल्यूलॅन (म्हणजे वायफाय इंटरफेस) आहे ते कागदावर लिहून घ्या. लॅपटॉपचा खरा वायफाय बहुधा फाय0 असतो, त्यामुळे नकली रेडिओ फाय1 पासून सुरू होतात. मॉड्यूल काढून पुन्हा चढवले की क्रमांक मागे येत नाहीत, पुढेच वाढत जातात. काल चाललेली स्क्रिप्ट आज बंद पडते ती बहुतेक वेळा याच कारणाने. स्क्रिप्टमध्ये फायचा क्रमांक ठोकून बसवू नका, आयडब्ल्यू डेवच्या उत्तरातून काढून घ्या.

पहिल्या नोडसाठी पुढच्या कमांड अशा. तुमच्या मशीनवर फाय1 आणि डब्ल्यूलॅन0 ही जोडी आहे असे धरले आहे:

आयपी नेटएनएस ॲड नोड1
आयडब्ल्यू फाय फाय1 सेट नेटएनएस नेम नोड1
आयपी नेटएनएस एक्झेक नोड1 बॅश

इथे अनेक जण चुकतात. इथरनेटप्रमाणे आयपी लिंक सेट वापरून डब्ल्यूलॅन0 हलवायला जातात, पण वायफाय इंटरफेस तसा हलत नाही. हलवायची ती अख्खी फाय, इंटरफेस तिच्यासोबत येतो. आयडब्ल्यूच्या जुन्या आवृत्तीला नेम हा शब्द कळत नाही. तिथे त्या नेमस्पेसमध्ये चालू असलेल्या एखाद्या प्रोसेसचा क्रमांक द्यावा लागतो.

आता नोड1 च्या शेलमध्ये:

आयपी लिंक सेट एलओ अप
आयपी लिंक सेट डब्ल्यूलॅन0 डाउन
आयडब्ल्यू डेव डब्ल्यूलॅन0 सेट टाइप मेश
आयपी लिंक सेट डब्ल्यूलॅन0 अप
आयडब्ल्यू डेव डब्ल्यूलॅन0 मेश जॉइन संत्रा फ्रीक 2437 एचटी20
आयपी ॲडर ॲड 10.10.0.1/24 डेव डब्ल्यूलॅन0

क्रम महत्त्वाचा आहे. प्रकार बदलताना इंटरफेस डाउन हवा, नाहीतर उणे 16, म्हणजे साधन व्यग्र, अशी चूक येते. जॉइन करताना तोच इंटरफेस अप हवा. 2437 म्हणजे चॅनेल 6. संत्रा हे मेशचे नाव, ते चारही नोडवर अक्षरन् अक्षर तेच पाहिजे. बाकी तीन नोड असेच करा, पत्ते 10.10.0.2 ते 10.10.0.4.

मग नोड1 मध्ये आयडब्ल्यू डेव डब्ल्यूलॅन0 स्टेशन डंप चालवा. तीन शेजारी दिसले आणि प्रत्येकापुढे मेश पीलिंक एस्टॅब असे आले, की जोडणी झाली. आता पिंग करा आणि एचडब्ल्यूसिम0 कडे पाहा. डेटा फ्रेम दिसू लागतील. सरांना दाखवायचे ते हेच.

उबुंटूच्या जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरचाही बंदोबस्त करा. नवा डब्ल्यूलॅन दिसला की तो त्याचा ताबा घेतो, स्कॅन सुरू करतो आणि स्कॅन करताना मॅक पत्ताही बदलतो. मॉड्यूल चढवण्याआधीच त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये डब्ल्यूलॅनने सुरू होणारे इंटरफेस अनमॅनेज्ड म्हणून नोंदवून तो पुन्हा सुरू करा. लॅपटॉपच्या खऱ्या वायफायचे नावही डब्ल्यूलॅनने सुरू होत असेल, तर नकली इंटरफेसची नावे एकेक करून लिहा. एरवी इंटरनेट जाईल.

प्रश्न : मॉडप्रोब म्हणतो, असे मॉड्यूल सापडत नाही. (वर्धा)

उबुंटूवर हे मॉड्यूल बऱ्याचदा लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा या पॅकेजात असते. चालू कर्नलच्या नेमक्या आवृत्तीचे पॅकेज बसवा, आवृत्ती युनेम -आर सांगेल. क्लाउडवरच्या मशीनचे छाटलेले कर्नल आणि विंडोजमध्ये लिनक्स चालवणारे डब्ल्यूएसएल यांच्या नेहमीच्या कर्नलमध्ये हे मॉड्यूल मिळेल अशी आशा धरू नका. त्यापेक्षा व्हर्च्युअलबॉक्समध्ये साधे उबुंटू टाकणे सोपे. डॉकर वापरत असाल तर मॉड्यूल बाहेरच्या यजमान मशीनवरच चढवावे लागते, कारण कंटेनरला स्वतःचे कर्नल नसते.

प्रश्न : नेमस्पेस केले, चार नोड जुळले. पण चौघेही एकमेकांचे थेट शेजारी दिसतात. मला 1–2–3–4 अशी साखळी हवी आहे. ट्रेसरूट केले तर एकच टप्पा दाखवतो. (धरमपेठ, नागपूर)

या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही वापरून पाहावीत.

पहिला मार्ग पाच मिनिटांचा. वर उभे केलेले मेश 802.11एस या वायफाय मानकाचे आहे. त्यात एखाद्या शेजाऱ्याशी असलेली जोडणी हाताने अडवता येते. नोड1 मध्ये नोड3 चा मॅक पत्ता देऊन:

आयडब्ल्यू डेव डब्ल्यूलॅन0 स्टेशन सेट 02:00:00:00:02:00 पीलिंक_ॲक्शन ब्लॉक

एचडब्ल्यूसिमचे मॅक पत्ते ठरलेले असतात. पहिल्या रेडिओचा 02:00:00:00:00:00, मग शेवटून दुसरी जोडी 01, 02, 03 अशी वाढते. साखळीसाठी 1–3, 1–4 आणि 2–4 या तीन जोड्या तोडायच्या. प्रत्येक जोडी दोन्ही बाजूंनी तोडा, म्हणजे सहा कमांड. तो शेजारी स्टेशन यादीत आधी दिसायला हवा, तरच कमांड लागू होते. नोडने मेश सोडून पुन्हा जॉइन केले की यादी पुसली जाते आणि ब्लॉकही जातो. म्हणून या सहा ओळी स्क्रिप्टमध्ये जॉइननंतर, दोन-तीन सेकंद थांबून ठेवा.

आता नोड1 वरून नोड4 ला पिंग करा आणि लगेच आयडब्ल्यू डेव डब्ल्यूलॅन0 एमपाथ डंप चालवा. पहिल्या रकान्यात गंतव्य म्हणजे नोड4 चा मॅक आणि दुसऱ्यात पुढचा टप्पा म्हणजे नोड2 चा मॅक दिसला, की साखळी तयार झाली. पहिले पिंग सावकाश येते, कारण तेव्हा मार्ग शोधला जात असतो. 802.11एसची एचडब्ल्यूएमपी ही पद्धत मार्ग गरज पडल्यावर शोधते आणि वापरात नसलेला मार्ग साधारण 5 सेकंदांनी जुना धरते. एमपाथ डंप रिकामा दिसला तर घाबरू नका, पिंग चालू ठेवून पुन्हा पाहा.

ट्रेसरूट खोटे बोलत नाही, पण तो आयपीचे टप्पे मोजतो. 802.11एसमध्ये निरोप पुढे पाठवण्याचे काम त्याच्या खालच्या थरात, मॅक पत्त्यांवर होते. आयपीच्या दृष्टीने चारही नोड एकाच तारेवर बसले आहेत, म्हणून टीटीएल हा पॅकेटमधला टप्पे मोजणारा आकडा घटत नाही आणि टप्पा एकच दिसतो. टप्पे पाहायचे असतील तर प्रत्येक नोडवर एमपाथ वाचत पुढे जा.

ब्लॉकची मर्यादा अशी, की जोडणी एकतर पूर्ण असते किंवा नसतेच. खऱ्या हवेत लिंक अर्धवट असतात आणि मेशची परीक्षा तिथेच लागते. त्यासाठी दुसरा मार्ग डब्ल्यूमीडियमडी. हा प्रोग्राम नकली हवेचे नियम सांभाळतो. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये आयडीज या यादीत चारही मॅक पत्ते लिहायचे. मग लिंक्स या यादीत तीन-तीन आकड्यांचे गट येतात: कोणत्या नोडपासून, कोणत्या नोडपर्यंत, आणि सिग्नल-गोंगाट गुणोत्तर किती डेसिबल. नोडची मोजणी शून्यापासून होते. चांगल्या लिंकला 25 ते 30, डळमळत्या लिंकला 8 ते 12, आणि नको असलेल्या लिंकला 0 किंवा त्याखाली. जी जोडी तुम्ही लिहिणार नाही ती चांगली धरली जाते, म्हणून तोडायच्या जोड्या आठवणीने लिहा.

डब्ल्यूमीडियमडी मेश जॉइन करण्याआधी सुरू करा आणि त्याचे टर्मिनल उघडे ठेवा. हा प्रोग्राम मध्येच बंद पडला तर कर्नल जुन्या पद्धतीवर जाते, म्हणजे सगळे सगळ्यांना उत्तम ऐकू येतात. तुमची साखळी मोडलेली असते आणि आकडे मात्र फार छान येतात. निकाल अनपेक्षितपणे चांगले आले तर सर्वांत आधी डब्ल्यूमीडियमडी जिवंत आहे का ते पाहा.

नोड हलताना दाखवायचे असतील, किंवा वीस-तीस नोड हवे असतील, तर मिनिनेट-वायफाय घ्या. आतून तो हेच दोन भाग, एचडब्ल्यूसिम आणि डब्ल्यूमीडियमडी, वापरतो, वरून पायथॉनमध्ये मांडणी लिहिता येते. पण पहिल्यांदा हाताने चार नोड उभे करा. मिनिनेटमध्ये काही बिघडले की आत काय चालले आहे हे कळण्यासाठी ती ओळख लागतेच.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपच्या इंटेल वायफायवर मेश जॉइन होत नाही, उणे 95 ही चूक येते. बर्डीत यूएसबी अडॅप्टर घ्यायला जाणार आहे. कोणता मागू? रास्पबेरी पायचा वायफाय चालेल का? (सदर, नागपूर)

उणे 95 म्हणजे हे काम या साधनाला येत नाही. इंटेलच्या ड्रायव्हरमध्ये मेश पॉइंट हा प्रकारच नाही, कॉन्फिग कितीही बदलले तरी फरक पडणार नाही. रास्पबेरी पायच्या अंगच्या वायफायचेही तेच. आयडब्ल्यू लिस्ट चालवून इंटरफेस प्रकारांच्या यादीत मेश पॉइंट हे शब्द शोधा. नसतील तर ते साधन या कामाचे नाही.

दुकानात जाताना मॉडेलच्या नावावर विसंबू नका, आतली चिप विचारा. टीपी-लिंकचा डब्ल्यूएन722एन हे याचे ठळक उदाहरण. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर9271 ही चिप होती आणि ती मेशला चालते. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आली आणि मेशसाठी तिचा उपयोग नाही. आवृत्ती अडॅप्टरच्या मागच्या लेबलावर बारीक अक्षरांत असते. दुकानदाराला ती वाचू द्या, मगच पैसे द्या. मीडियाटेकच्या एमटी7610यू आणि एमटी7612यू या चिपही चांगल्या. त्यांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे आणि 5 गिगाहर्ट्झही मिळतो. ज्या अडॅप्टरचा ड्रायव्हर वेगळा उतरवून कंपाइल करावा लागतो, तो प्रयोगासाठी घेऊच नये. कर्नल बदलले की तो तुटतो आणि दोष मेशमध्ये आहे की ड्रायव्हरमध्ये हे कळेनासे होते.

एआर9271 ला एक मर्यादा आहे. फर्मवेअरमुळे ती सात-आठच शेजारी सांभाळते. चार-पाच नोडच्या प्रयोगाला ती पुरते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये लॅपटॉपचा अंगचा वायफाय आत वायर्ड कार्ड म्हणून दिसतो, त्यावर मेश होणार नाही. यूएसबी अडॅप्टर मात्र तसाच्या तसा आत देता येतो.

5 गिगाहर्ट्झवर जॉइन होत नसेल तर आधी आयडब्ल्यू रेग गेट पाहा. देश 00 असेल तर त्या पट्ट्यात स्वतःहून प्रसारण करायला मनाई असते. आयडब्ल्यू रेग सेट आयएन करा, यातले आयएन मात्र मोठ्या अक्षरांत टाइप करा. भारतात 5 गिगाहर्ट्झचे हे पट्टे ऑक्टोबर 2018 च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाले. तरी चॅनेल 52 ते 144 टाळा, तिथे आधी रडार आहे का हे ऐकत थांबावे लागते. 36 ते 48 किंवा 149 ते 161 यांतले घ्या.

प्रश्न : तीन जुने राउटर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचे लिनक्स) टाकून टेबलावर ठेवले आहेत. ट्रान्समिट पॉवर अगदी कमी केली तरी पहिला आणि तिसरा थेट जुळतात. (गोकुळपेठ, नागपूर)

जुळणारच. हिशेब करून पाहा. 2.4 गिगाहर्ट्झवर मोकळ्या हवेत 1 मीटरला सुमारे 40 डेसिबल घट होते, 10 मीटरला 60, 100 मीटरला 80. राउटर 20 डीबीएमने (हे सिग्नलच्या ताकदीचे एकक) बोलतो, म्हणजे मीटरभरावर उणे 20 डीबीएम पोहोचतात. सर्वांत हळू वेगाची फ्रेम उणे 90 च्या आसपासपर्यंत वाचली जाते. म्हणजे टेबलावर लिंक तोडायला आणखी 70 डेसिबल घट हवी. पॉवर 20 वरून 1 डीबीएमवर आणली तर 19 डेसिबल मिळाले. काही ड्रायव्हर तेवढेही ऐकत नाहीत, आकडा घेतात आणि पॉवर तशीच ठेवतात.

अँटेना काढून तिथे सिग्नल 30 डेसिबलने घटवणारे ॲटेन्युएटर आणि केबल लावली तरी राउटरच्या बोर्डातूनच सिग्नल गळतो. राउटर झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवले तर बरीच घट मिळते, पण वायरीसाठी पाडलेल्या भोकातून आणि झाकणाच्या फटीतून पुन्हा गळती होते. फट तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद केली तर डबा कामाचा होतो. डब्यात राउटर तापतो, अर्ध्या तासापेक्षा जास्त चालवू नका.

मार्ग कसा निवडला जातो आणि नोड गेल्यावर काय होते एवढेच पाहायचे असेल, तर वर सांगितलेला ब्लॉक इथेही चालतो. राउटर टेबलावर अगदी खेटून मात्र ठेवू नका. अतिजवळचा जोरदार सिग्नल रिसीव्हरला झेपत नाही आणि लिंक असूनही पॅकेट गळतात. दोन-तीन मीटर अंतर आणि कमी पॉवर ठेवा.

जुन्या राउटरबद्दल आणखी एक. 4 एमबी फ्लॅश आणि 32 एमबी रॅमची मॉडेल नव्या ओपनडब्ल्यूआरटीला पुरत नाहीत. 16 एमबी आणि 128 एमबी असलेले शोधा.

प्रश्न : मेशला पासवर्ड लावल्यावर एकही शेजारी जुळत नाही. (अमरावती)

ओपनडब्ल्यूआरटीमध्ये मुळात येणारे डब्ल्यूपॅड-बेसिक मेशचे एन्क्रिप्शन करत नाही. ते काढून डब्ल्यूपॅड-मेशने सुरू होणारे पॅकेज बसवा, मग मोड मेश, एन्क्रिप्शन एसएई (पासवर्डवरून जोडणी पक्की करण्याची पद्धत) आणि सगळीकडे तोच की. चॅनेल ऑटो ठेवू नका, एकच आकडा ठरवा. आयपी पत्ते वाटणारे डीएचसीपी एकाच राउटरवर चालू ठेवा. साध्या लिनक्सवर हेच काम डब्ल्यूपीए सप्लिकंट करतो: कॉन्फिगमध्ये मोड=5, की_एमजीएमटी=एसएई (इथे एसएई मोठ्या अक्षरांत), फ्रीक्वेन्सी आणि पासवर्ड. तो जोडण्या स्वतः सांभाळत असेल तर पीलिंक ब्लॉकची युक्ती चालत नाही. म्हणून आधी उघड्या मेशवर सगळे तपासा, पासवर्ड शेवटी.

प्रश्न : 802.11एस पुरे की बॅटमॅन शिकावे? (नागपूर विद्यापीठ परिसर)

चार-सहा नोडला 802.11एस पुरते. बॅटमॅन-ॲडव्हान्स्ड ही मेशमधले मार्ग ठरवणारी दुसरी पद्धत. ते घ्यावे ते काय चालले आहे हे डोळ्यांनी पाहण्यासाठी, आणि मेशमध्ये मधूनच इथरनेटची तारही जोडायची असेल तर. बर्लिनच्या फ्रायफुंक चळवळीतून ते वाढले आणि 2011 पासून, 2.6.38 आवृत्तीपासून, लिनक्स कर्नलमध्ये आहे. त्याचे बॅटसीटीएल हे साधन शिकणाऱ्यासाठी फार मोलाचे. बॅटसीटीएल ट्रेसरूट मॅक पत्त्यांनुसार खरे टप्पे दाखवतो, जे साध्या ट्रेसरूटला जमत नाही.

तीन गोष्टी सांभाळा. बॅटमॅन 802.11एस इंटरफेसवर बसवत असाल तर मेश_एफडब्ल्यूडींग हा पर्याय 0 करा, नाहीतर दोन थर एकाच वेळी मार्ग ठरवू लागतात आणि आकड्यांचा अर्थ लागत नाही. आयपी पत्ता डब्ल्यूलॅन0 ला न देता बॅट0 ला द्या. आणि बॅटमॅन प्रत्येक पॅकेटला 32 बाइटपर्यंत जोडतो, म्हणून खालच्या इंटरफेसचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, 1532 करा. विसरलात तर नेटवर्क चालते, पण मोठी पॅकेट तुकडे होऊन जातात आणि वेग घसरतो. कर्नलच्या लॉगमध्ये त्याची सूचना येते.

प्रश्न : एका टप्प्यावर 40 एमबीपीएस, तीन टप्प्यांवर जेमतेम 13. काय चुकले? आणि लॅपटॉपवरच्या नकली मेशवर मात्र वेग फारच जास्त येतो. (हिंगणा एमआयडीसी)

काहीही चुकलेले नाही. एका चॅनेलवर एका वेळी एकच रेडिओ बोलू शकतो. नोड2 ने ऐकलेले पुढे सांगताना नोड1 ला गप्प बसावे लागते. दोन टप्प्यांना निम्मा वेग, तीन टप्प्यांना तिसरा हिस्सा. 13 आले म्हणजे तुमची मांडणी उत्तम आहे. सुधारायचे असेल तर दोन रेडिओंचे राउटर घ्या: आपसातले मेश 5 गिगाहर्ट्झवर, फोन-लॅपटॉप 2.4 वर.

नकली मेशमधला वेग प्रोसेसरचा असतो, रेडिओचा नव्हे. डब्ल्यूमीडियमडीशिवाय तिथे हवेतला वेळ मोजलाच जात नाही. तो आकडा अहवालात घालू नका. नकली मेशवरून मार्गाची निवड, नोड गेल्यावर सावरायला लागणारा वेळ आणि स्क्रिप्टची शुद्धता एवढे सांगता येते. सावरण्याचा वेळ मोजायला 1–2–4 आणि 1–3–4 असे दोन मार्ग ठेवा. नोड1 वरून नोड4 ला पिंग -आय 0.2 चालवा, वापरात असलेला मधला नोड घालवा आणि गहाळ पिंग मोजून 0.2 ने गुणा. नोड घालवण्याची रीतही निकाल बदलते. इंटरफेस रीतसर डाउन केला तर शेजाऱ्यांना त्याची सूचना मिळू शकते. वीज गेल्यावर तशी कोणी देत नाही. खऱ्या राउटरचा प्लग ओढा, नकलीत डब्ल्यूमीडियमडीची लिंक 0 करा. दहा वेळा मोजा आणि सरासरीसोबत सर्वांत वाईट आकडाही लिहा.

प्रश्न : मानेवाड्यात तीन इमारतींच्या गच्च्यांवर तीन नोड लावले, जास्तीत जास्त अंतर 200 मीटर. फेब्रुवारीत छान चालले. मे महिन्यात दुपारी एक नोड वारंवार रीस्टार्ट होतो आणि घराच्या आतल्या नोडची लिंकही खराब झाली. सॉफ्टवेअर तेच आहे.

सॉफ्टवेअरला हात लावू नका. इथे तीन वेगळी कारणे असू शकतात, ती एकेक करून वगळा.

पहिले, वीज. गच्चीवर कॅट5ई केबलमधून 12 व्होल्ट चढवले असतील तर हिशेब करा. या केबलच्या एका तारेचा रोध 100 मीटरला 9.4 ओहमच्या आसपास असतो. 20 मीटर केबल, जायला दोन तारा आणि यायला दोन, म्हणजे एकूण 1.9 ओहम. राउटर 0.8 अँपिअर ओढू लागला की दीड व्होल्ट वाटेतच जातात, वर साडेदहाच पोहोचतात. त्यात अडॅप्टरही तापून अशक्त झालेला असेल तर राउटर जोरात प्रसारण करायला लागताच पडतो. मल्टिमीटर वरच्या टोकाला लावून, आयपर्फ हे वेग मोजणारे साधन चालू असताना व्होल्टेज मोजा. राउटर नुसता बसलेला असताना मोजलेल्या आकड्याला अर्थ नाही. कमी भरले तर खालून 24 व्होल्ट पाठवा आणि वर स्टेप-डाउन कन्व्हर्टर लावून 12 करा. तारेतला प्रवाह निम्मा होतो, घटही निम्मी.

दुसरे, ऊन. घरगुती राउटर बहुधा 40 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. नागपूरचा मे 45 च्या पलीकडे जातो आणि उन्हातल्या बंद पेटीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. पेटी पांढरी घ्या, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसवा, खालच्या बाजूला जाळी लावून हवा खेळती ठेवा. रीस्टार्ट दुपारी 1 ते 5 मध्येच होतात का, हे लॉगवरून तपासा. राउटरचा लॉग रीस्टार्टला पुसला जातो, म्हणून तो खालच्या संगणकावर पाठवत राहा.

तिसरे, कूलर. फेब्रुवारीत खिडकी मोकळी होती. मार्चअखेर तिथे पत्र्याचा कूलर बसला, आत ओल्या ताट्या आणि खाली भरलेली टाकी. पत्रा सिग्नल परतवतो, पाणी तो शोषते. आतल्या नोडची लिंक नेमकी त्याच खिडकीतून येत असणार. नोड दुसऱ्या खिडकीत किंवा कूलरच्या वर नेऊन स्टेशन डंपमधला सिग्नलचा आकडा आधी आणि नंतर लिहून घ्या.

गच्ची ते गच्ची लिंकचाही ताळा करा. 200 मीटरला मोकळ्या हवेत सुमारे 86 डेसिबल घट. 20 डीबीएम आणि दोन्हीकडे 5 डीबीआयच्या (म्हणजे सिग्नलला तेवढे डेसिबल वाढवणाऱ्या) अँटेना धरल्या तर उणे 56 डीबीएम यायला हवेत. उणे 65 च्या खाली असेल तर मध्ये काहीतरी आहे. नुसते समोरचे घर दिसणे पुरत नाही. या अंतरावर मध्यभागी फ्रेनेल क्षेत्राची, म्हणजे दोन अँटेनांमधल्या सिग्नलला लागणाऱ्या मोकळ्या पट्ट्याची, त्रिज्या अडीच मीटर भरते, त्यातला निदान 60 टक्के भाग म्हणजे दीड मीटर मोकळा पाहिजे. कठड्याला बांधलेली अँटेना मधल्या घराच्या टाकीला घासून बोलते. अँटेना कठड्याहून दीड मीटर उंच पाइपवर चढवा आणि पावसाळ्याआधी त्या पाइपला अर्थिंग करून घ्या.

तपासणीचा क्रम असा ठेवा: आधी रात्री 10 ला मोजा, मग दुसऱ्या दिवशी दुपारी 3 ला, दोन्ही वेळा व्होल्टेज, सिग्नल आणि 60 सेकंदांचा आयपर्फ. रात्री सगळे ठीक आणि दुपारी फक्त व्होल्टेज पडलेले असेल तर अडॅप्टर बदला. व्होल्टेज ठीक असूनही वेग पडत असेल तर पेटी. दोन्ही वेळा सिग्नलच कमी असेल तर पाइप घेऊन गच्चीवर जा.